पेठ बदलणारा प्रशिक्षक



स्वागताध्यक्षानं आपल्या गावाचं कौतुक करायचं असतं. कोल्हापूरचं फुटबॉलवेड तुम्हाला नवं नाही, म्हणून माझा वेळ मी एका सर्बियन माणसाला देतो: बोरा मिलुटिनोविच.

जन्म 1944चा. बेलग्रेडच्या पार्टिझानकडून तिघेही भाऊ खेळले. स्वित्झर्लंड, फ्रान्स करत बोरा मेक्सिकोच्या पुमास संघात पोचले आणि तिथंच प्रशिक्षक झाले. 1986च्या विश्वचषकात यजमान मेक्सिकोला त्यांनी उपांत्यपूर्व फेरीत नेलं. पश्चिम जर्मनीपुढं पेनल्टींवर घात झाला.

माझा जीव मात्र 1990च्या कोस्टा रिकात अडकलाय. स्पर्धा तोंडावर आलेली, संघ विश्वचषकात पहिल्यांदाच, आणि या गृहस्थांनी आल्याआल्या नावाजलेले खेळाडू वगळले. आपल्याकडं असं करून बघा, संध्याकाळी चौकातून घरी जाता येतं का ते! पण स्कॉटलंडला 1-0, स्वीडनला 2-1 असं हरवून ती पोरं बाद फेरीत गेली. त्याआधी गटातच तुरीनला ब्राझीलशी गाठ पडली, तेव्हा ती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट घालून उतरली. ते रंग तिथल्या युव्हेंटसचे. प्रेक्षक निम्मे तिथंच आपले झाले. हरले, पण एकाच गोलनं.

पुढं 1994ला अमेरिका, 1998ला नायजेरिया. दोन्ही संघ बाद फेरीत. मधे मेक्सिकोला पुन्हा पात्र करून दिलं, तरी स्पर्धेआधीच नारळ मिळाला. आपला प्रशिक्षकांचा धंदाच असा.

2002ला चीन. तीन सामने, तीन पराभव, गोल एकही नाही. टीकाकार एवढंच मोजतात. मी शेन्यांगचा सामना मोजतो, जिथं ओमानला 1-0 हरवून चीन पात्र ठरला. चीनच्या पुरुष संघाला ते आजवर पुन्हा जमलेलं नाही.

त्या विश्वचषकात चीनचा पहिला सामना कोस्टा रिकाशीच पडला आणि कोस्टा रिकानं तो 2-0 जिंकला. त्यांचे प्रशिक्षक होते अलेक्झांड्रे गिमारेस, 1990च्या संघात बोरांच्याच हाताखाली खेळलेले. हेच गिमारेस पुढं मुंबई सिटीला शिकवायला आले. एका पेठेचा कोच दुसऱ्या पेठेत गेला की भुवया उंचावणाऱ्यांनी ही साखळी जरा पाहावी.

या मेळाव्याचं पहिलं सत्र खेळाडूंच्या निवडीवरच आहे. भांडा, पण जेवायला वेळेवर या. तांबडा-पांढरा तयार आहे.