दा नांग आणि थू बोन खोरे : प्रेक्षणीय स्थळांचा परिचय

दा नांग हे व्हिएतनामच्या मध्य किनाऱ्यावरील सर्वांत मोठे शहर. उत्तरेला हाय वान घाट, ईशान्येला सोन त्रा द्वीपकल्प, पश्चिमेला डोंगररांगा आणि पूर्वेला समुद्र अशा कोंदणात ते वसले आहे. हान नदी शहराच्या मधून वाहत उपसागराला मिळते. जुलै २०२५ मध्ये शेजारचा क्वांग नाम प्रांत दा नांगमध्ये विलीन झाला आणि होई आन हे जुने बंदर व मि सोनचा मंदिरसमूह ही दोन्ही जागतिक वारसास्थळे शहराच्या प्रशासकीय हद्दीत आली. ही हद्द नवी असली, तरी हा मुलूख इतिहासात पूर्वीपासून एकत्र नांदला आहे. दक्षिणेकडील थू बोन नदीच्या खोऱ्यात चाम लोकांच्या चंपा राज्याच्या काळी डोंगरात देवस्थान, मध्यावर राजधानी आणि मुखाशी बंदर अशी मांडणी होती. वरच्या अंगाने खाली येत ही स्थळे पाहिली, की एकाचा दुसऱ्याशी असलेला संबंध उलगडत जातो.

मि सोन

दा नांगपासून सुमारे ७० किलोमीटरवर, चहूबाजूंनी डोंगर असलेल्या दरीत मि सोन आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस राजा भद्रवर्मन याने येथे शिवलिंगाची स्थापना केली. राजाचे नाव देवाच्या नावाशी जोडून त्या लिंगाला भद्रेश्वर म्हटले गेले. मूळचे लाकडी मंदिर आगीत जळाले. सातव्या शतकात शंभुवर्मनाने ते पुन्हा उभारले आणि देवाचे नाव शंभुभद्रेश्वर झाले. तेराव्या शतकापर्यंत येथे मंदिरे बांधली जात होती. येथील शिलालेख संस्कृत आणि जुन्या चाम भाषेत आहेत.

मंदिरे तांबड्या विटांची आहेत. दोन विटांमधला सांधा इतका बारीक, की सांधणीचा थर डोळ्यांना दिसत नाही. भिंत उभी राहिल्यावर तिच्यावरच पानाफुलांची वेलबुट्टी आणि हात जोडलेल्या आकृती कोरल्या जात. म्हणून एकच नक्षी कित्येक विटांवरून अखंड सरकत जाते. १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बवर्षावात ‘ए १’ हे सर्वांत भव्य मंदिर कोसळले. बॉम्बचे खड्डे आजही आवारात दिसतात. युद्धानंतर पोलिश वास्तुविशारद काझिमेझ क्वियाटकोव्स्की यांनी जतनाचे काम हाती घेतले. पुढे २०१७ ते २०२२ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने ए, एच आणि के या गटांतील वास्तूंचे संवर्धन केले. त्या कामात मे २०२० मध्ये नवव्या शतकातील एकसंध वालुकाश्माचे शिवलिंग सापडले.

चाम शिल्पसंग्रहालय

मि सोनमधील शिल्पे पाहायची ती मात्र दा नांग शहरात, हान नदीकाठच्या संग्रहालयात. फ्रेंच अभ्यासक आंरी पार्मांतिए यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले हे संग्रहालय १९१९ मध्ये खुले झाले. दालनांची नावे शिल्पे जेथून आली त्या स्थळांवरून दिलेली आहेत. मि सोनच्या ‘ई १’ मंदिरातील पीठावर तपस्व्यांचे वनजीवन कोरले आहे: कोणी बासरी वाजवतो आहे, कोणी उपदेश करतो आहे, तर एकाचे अंग दुसरा रगडून देतो आहे. थू बोनच्या खोऱ्यातील त्रा किउ म्हणजे चंपाची राजधानी सिंहपूर. तेथील पीठावरच्या नर्तकी चाम शिल्पकलेचा परमोत्कर्ष मानल्या जातात. दोंग दुओंगचे दालन बौद्ध शिल्पांचे आहे. तेथील विहार राजा दुसरा इंद्रवर्मन याने ८७५ मध्ये स्थापन केला होता.

होई आन

१४७१ मध्ये उत्तरेकडील दाय व्हिएत राज्याने चंपाचा निर्णायक पराभव केला. त्यानंतर थू बोनच्या मुखाजवळचे होई आन भरभराटीला आले. चिनी, जपानी आणि युरोपीय व्यापारी येथे रेशीम, चिनी मातीची भांडी व मसाल्याचे पदार्थ यांच्या खरेदीसाठी येत. जपानी वसाहतीची खूण म्हणजे छप्पर असलेला लहानसा पूल. त्याच्या एका टोकाला माकडांची आणि दुसऱ्या टोकाला कुत्र्यांची जोडी आहे. पुलाला लागूनच छोटे देऊळ आहे. व्हिएतनामच्या २० हजार दोंगच्या नोटेवर याच पुलाचे चित्र आहे. चिनी व्यापाऱ्यांनी आपापल्या प्रांतानुसार सभागृहे बांधली. त्यांतील फुजियान सभागृहात सागरदेवता थिएन हाउची पूजा होते.

येथील जुनी घरे रस्त्याकडे अरुंद आणि आत खोलवर गेलेली आहेत. मध्ये उजेडासाठी चौक. दरवर्षीच्या पुराची सवय घराच्या रचनेतच उतरली आहे. माडीच्या तक्तपोशीत झडप ठेवलेली असते आणि पाणी चढू लागले, की खालचा माल कप्पीने वर ओढून घेतात. काही घरांच्या भिंतींवर पुराच्या पातळीच्या खुणा जपल्या आहेत. नदी गाळाने भरत गेल्याने मोठी जहाजे आत येईनात. व्यापार खोल पाण्याच्या दा नांग बंदराकडे वळला. बंदर मागे पडले आणि त्यामुळेच जुन्या पेठा जशाच्या तशा टिकल्या. मि सोन आणि होई आन या दोहोंना १९९९ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले.

शहर आणि भोवतालचे डोंगर

होई आनहून शहराकडे येताना किनाऱ्यालगत संगमरवरी खडकाचे डोंगर लागतात. राजा मिन्ह मांग याने धातू, जल, काष्ठ, अग्नी आणि पृथ्वी या पंचतत्त्वांवरून त्यांना नावे दिली. त्यांपैकी जलतत्त्वाच्या थुय सोन डोंगरावर पायऱ्या चढून जाता येते. हुयेन खोंग गुहेच्या छताला भोके आहेत. त्यांतून उतरणारा प्रकाश आतल्या बुद्धमूर्तीच्या परिसरावर पडतो. पायथ्याच्या नोन नुओक गावात दगड घडवणाऱ्या कारागिरांची वस्ती आहे. डोंगर वाचावेत म्हणून तेथील खाणकाम बंद झाले असून कारागीर बाहेरून दगड आणतात.

उत्तरेकडील हाय वान घाट सुमारे ५०० मीटर उंच आहे. तो एके काळी चंपा आणि दाय व्हिएत यांच्यातील सीमा होता. माथ्यावरचा दरवाजा १८२६ चा आहे. २००५ मध्ये बोगदा झाल्यापासून अवजड वाहतूक कमी झाली आणि जुना रस्ता प्रवाशांना निवांत मिळाला. सोन त्रा द्वीपकल्पाच्या अरण्यात लालसर पायांची दुर्मीळ डूक वानरे आढळतात. तेथील लिन्ह उंग मंदिरात अवलोकितेश्वराच्या स्त्रीरूपाची ६७ मीटर उंच श्वेतमूर्ती समुद्राकडे तोंड करून उभी आहे; मच्छीमारांची तिच्यावर श्रद्धा आहे. पश्चिमेकडचे बा ना हे फ्रेंचांनी वसवलेले थंड हवेचे ठिकाण. आता तेथे रोपवेने जातात. दोन प्रचंड दगडी हातांनी तोलून धरल्यासारखा भासणारा सोनेरी पूल २०१८ मध्ये खुला झाला. ते हात प्रत्यक्षात फायबरग्लास आणि तारेच्या जाळीचे आहेत. शहरात हान नदीवरचा ६६६ मीटरचा ड्रॅगन पूल २०१३ मधला. शनिवार-रविवारी रात्री त्याच्या मुखातून आग आणि पाण्याचे फवारे सोडतात. पलीकडे मी खे हा लांबलचक वाळूचा किनारा आहे.

हवामान आणि क्रम

येथे मुख्य पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर असा, ईशान्येकडील वाऱ्यांबरोबर येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होई आनला पुराचा धोका असतो. फेब्रुवारी ते मे हे महिने सर्वांत सोयीचे. प्रथम चाम संग्रहालय पाहून मग मि सोनला गेल्यास रिकाम्या गाभाऱ्यांत काय होते ते कळते. मि सोनला सकाळी लवकर पोहोचावे, कारण दरीतली दुपार फार तापते. होई आनसाठी निदान एक मुक्काम ठेवावा. तेथे चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री विजेचे दिवे मंद करून कंदील लावतात. बा ना आणि हाय वान या दोन्ही ठिकाणी धुके अचानक उतरते, म्हणून त्यांच्यासाठी निरभ्र दिवस राखून ठेवणे इष्ट.