कोंबडीची कातडी आणि लोण्यातील पाणी



धुरावर कोंबडी शिजविताना कोणता स्निग्ध पदार्थ वापरावा, हा विषय नंदुरबारच्या व्यासपीठावरून मांडण्याची मुभा संयोजकांनी मला दिली, तेव्हा काही वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटली असल्यास मला नवल वाटणार नाही. परंतु २००६ सालच्या फेब्रुवारीत बर्ड फ्लूचा देशातील पहिला प्रादुर्भाव ज्या नवापूर तालुक्यात नोंदला गेला, जेथे लक्षावधी पक्षी सरकारी हुकमाने नष्ट झाले आणि तरीही कुक्कुटपालनाचा धंदा ज्या तालुक्याने सोडला नाही, तो तालुका ज्या जिल्ह्याच्या हद्दीत आहे, तेथे कोंबडीविषयी गांभीर्याने बोलण्यास संकोच कशाचा?

अमेरिकेत या गांभीर्याने फार वरची पायरी गाठली आहे. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटी नामक संस्था १९८५ साली स्थापन झाली. तिच्या नियमांनी चालणाऱ्या स्पर्धांत कोंबडी, डुकराच्या बरगड्या, डुकराचे मांस आणि गोमांसाच्या छातीचा तुकडा, असे चार प्रकार मुकरर झालेले आहेत. स्पर्धक आपले तुकडे डब्यात रचून मुदतीत सादर करतो. डब्यावर नाव नसते, केवळ क्रमांक असतो. एका मेजाभोवती सहा परीक्षक बसतात, रूप, चव आणि मृदुता यांना पृथक गुण देतात, आणि सहांपैकी सर्वांत कमी गुण देणाऱ्याचा आकडा हिशेबातून वगळला जातो. आपल्या मुलकी परीक्षांतही इतका निःपक्षपातीपणा नेहमी आढळतो असे मी म्हणणार नाही. या सर्व यंत्रणेतून निष्पन्न होणारी विलक्षण गोष्ट अशी की, कोंबडीच्या बाबतीत हारजीत पुष्कळदा मांसावर नव्हे, तर कातडीवर ठरते. परीक्षक मांडीच्या तुकड्याचा एक घास घेतो. दात जेथे रुतले तेवढीच कातडी तुटून आली तर ठीक, आणि संबंध कातडीच गोधडीसारखी ओढली जाऊन हनुवटीवर लोंबू लागली, तर रात्रभर जागून केलेले सारे कष्ट वाया जातात.

आपल्याकडे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही, कारण शहरातील दुकानदार बॉयलर कोंबडी कातडी सोलूनच हातात देतो. डोंगरातल्या पाड्यांवर मात्र गावठी कोंबडी पिसे काढून जाळावर भाजून घेतात, आणि तिची कातडी रश्शात जाते; तेथे ती इतका वेळ शिजते की तिच्या चिवटपणाची कैफियत कोणी मांडीत नाही. मंद धुराचे तसे नाही. सुमारे ११० ते १२० अंश सेल्सियसच्या कोरड्या उष्णतेत कातडीतील कोलॅजेन नावाचे तंतुमय प्रथिन आक्रसते, तिच्याखालची चरबी पुरती वितळत नाही, आणि वरचा थर सुकून रबरासारखा होतो. ७४ अंशांना कोंबडी खाण्यास निर्धोक होते हे खरे. परंतु निर्धोक होणे आणि मृदू होणे या दोन भिन्न अवस्था आहेत, आणि मांडीचे मांस व कातडी ८० अंशांच्या पलीकडे गेल्यावाचून सैल होत नाहीत.

यावर तिकडील स्पर्धकांनी काढलेली तजवीज अशी की, तुकड्यांना थोडा वेळ उघड्यावर धूर दिल्यानंतर ते उथळ पात्रात ठेवावेत, वर भरपूर लोणी किंवा मार्गारिन घालावे, पात्र झाकावे आणि उष्णता १३५ ते १५० अंशांपर्यंत वाढवावी. मार्गारिन हे १८६९ साली फ्रान्समध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या प्रोत्साहनाने लोण्याला स्वस्त पर्याय म्हणून निघालेले द्रव्य. ते पाकशास्त्राच्या अशा उच्चासनावर बसावे, हे पाहून आपल्यातील तूपप्रेमींना हसू येणे स्वाभाविक आहे. मलाही ते प्रथम केवळ काटकसरीचे लक्षण वाटे. तथापि कारणमीमांसा केली असता स्पर्धकांचा निर्णय विवेकाचा ठरतो. बाजारी लोण्यात स्निग्धांश ८० टक्क्यांच्या आसपास असतो आणि सुमारे १६ टक्के पाणी असते. मार्गारिनमध्येही पाणी असतेच, आणि नळीतून पिळून वापरण्याच्या मऊ प्रकारांत ते अधिक असते. झाकलेल्या पात्रात हे पाणी वाफ होऊन कातडीशी कोंडले जाते, आणि कोलॅजेनचे जिलेटिनमध्ये रूपांतर होण्यास ज्या दोन गोष्टी लागतात, त्या उष्णता आणि ओलावा एकाच वेळी हजर होतात. स्निग्ध द्रव्य उष्णता सर्वत्र सारखी पोचविते, पृष्ठभाग कोरडा पडू देत नाही, मसाल्याचा रंग धरून ठेवते. पण कातडी मऊ करण्याचे खरे श्रेय पाण्याकडे जाते.

ही गोष्ट मान्य केली की आपल्या कोठारातील सर्व उमेदवारांचा क्रम पालटतो. ज्या तुपाला आपण शुद्धतेचे शिखर मानतो, ते कढविताना त्यातील पाणी व दुधाचा घन भाग दोन्ही निघून गेलेले असतात. ते २३० अंशांच्या पुढेही धूर सोडीत नाही, म्हणून तळणीला ते श्रेष्ठ, पण या पात्रात एकटे घातले तर कातडी उकडण्याऐवजी तळली जाण्याकडे झुकते. शेंगदाण्याचे तेल, सरकीचे तेल आणि वनस्पती तूप या सर्वांवर हाच आक्षेप लागू पडतो. उलट घरी ताक घुसळून काढलेले लोणी, ज्यात ताकाचा अंश राहतो म्हणून गृहिणी त्याला लगेच कढविण्याची घाई करते, ते आपल्या त्या दोषामुळेच येथे सर्वांत योग्य ठरते. ज्यांना तूपच वापरावयाचे असेल त्यांनी त्यात कोंबडीच्या हाडांचे पातळ सूप चांगले पळीभर घालावे. एवढ्याने निम्मे अंतर भरून निघते.

आता मोहाकडे वळतो, कारण अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतील श्रोते त्याची वाट पाहत असतील. पावसाळ्याच्या तोंडाशी झाडाखाली पडणाऱ्या मोहाच्या बिया वेचून, वाळवून काढलेले तेल हे सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा घरांचे जुने स्निग्धान्न होय. आजच्यासारख्या थंडीत ते भांड्यात थिजते, कारण त्यात ओलेइक आम्लाबरोबरच पामिटिक आणि स्टिअरिक ही घन आम्लेही विपुल असतात. त्यामुळे ते तेल आणि लोणी यांच्या सीमेवर उभे असते, आणि तुकड्याला चोळले असता चटकन ओघळून जात नाही. मात्र त्यातही पाणी नाही, शिवाय कच्च्या तेलाला किंचित कडवट झाक असते. ज्याने लहानपणापासून तीच चव घेतली, त्याला तिच्यावाचून कोंबडी अपुरी वाटेल. पण क्रमांकाच्या डब्यातून अनोळखी सहा तोंडांत जाणाऱ्या घासाला ती चव महागात पडेल. निनावी परीक्षणाचा हा एक दुष्परिणामच म्हणावयाचा, की कोणाचेही मन न दुखविणारी चव तेथे जिंकते आणि कोणत्याही गावाची खूण तेथे तोट्याची ठरते. मार्गारिन सर्वत्र एकसारखे असते. मोह तसा नाही, आणि त्याने तसे व्हावे असा माझा आग्रहही नाही.

क्रमाविषयी दोन शब्द. धुरातील सुगंधी फिनॉल द्रव्ये स्निग्धांशात विरघळतात, म्हणून पुष्कळांना वाटते की आधीच तुपालोण्याने तुकडा माखावा. तसे करू नये. वितळलेली चरबी निखाऱ्यांवर ठिबकली की काजळीचा काळा, उग्र धूर उठतो, आणि बेंझोपायरीनसारखी अपायकारक द्रव्ये मांसावर बसतात. प्रारंभी तेलाचा पुसट हात पुरे. कातडीची स्वतःची चरबी धुराला सामावून घेण्यास समर्थ असते. भरपूर लोणी पात्रात, झाकणाखाली. आणि नंदुरबारच्या पथाऱ्यांवर वाळलेली लाल मिरची भरड करून त्याच लोण्यात घालावी, कारण तिचा रंग पाण्यात उतरत नाही, स्निग्धांशात उतरतो. शेवटी झाकण काढून तुकडे पुन्हा उघड्या धुरावर ठेवावेत, म्हणजे ओली कातडी पृष्ठभागी आवळते आणि रूपाचे गुणही हातचे जात नाहीत.

पात्राच्या तळाशी मागे राहणारे ते तांबडे, धुराच्या वासाचे लोणी स्पर्धेच्या हिशेबी निरुपयोगी असते. आपण ते गाळून घ्यावे, खाली साचलेले पाणी आटवून टाकावे, आणि दुसऱ्या दिवशी दादर ज्वारीच्या भाकरीबरोबर वांग्याच्या भरताला त्याची फोडणी द्यावी. त्या भरतात मात्र मोहाचे चमचाभर तेल घालण्यास माझी कसलीही हरकत नाही.