तलंगांना नवं खुराडं



वनराजा किंवा गिरिराजा जातीच्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, घरी आणल्यात?
मग 8 दिवस घाई करू नका.

तलंगा दिवस मावळल्यावर खुराड्यात ठेवा.
अंधारात त्या शांत बसतात.

पहिले 8 दिवस बाहेर सोडू नका.
हेच आपलं घर, हे त्यांना कळू द्या.
आत गार पाणी आणि बसायला आडवी काठी ठेवा.
खाद्य एकदम बदलू नका.

घरी जुन्या कोंबड्या आहेत?
मग तलंगा 3 आठवडे दूर, वेगळ्या ठेवा.
आजार दिसला नाही,
तर मधे जाळी लावून ओळख होऊ द्या.

पहिल्यांदा सोडाल, ते संध्याकाळी, दाण्याच्या वेळेआधी.
दाण्याच्या ओढीनं त्या परततील.

पुन्हा सांगते,
पहिले 8 दिवस घाई नको.
खुराड्याची सवय लागू द्या.