फाइल थांबते, वय थांबत नाही



दत्तक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दुपट्यातलं बाळ येतं. बारशाचा पाळणा येतो, घुगऱ्या येतात, आत्यानं कानात सांगितलेलं नाव येतं. सात-आठ वर्षांची मुलगी घट्ट वेण्या घालून संस्थेच्या कचेरीत बसली आहे आणि इटलीहून आलेल्या दोन अनोळखी माणसांना आई-बाबा म्हणण्याची तयारी करते आहे, हे चित्र सहसा येत नाही. परदेशात दत्तक जाणाऱ्या आपल्या मुलांत मात्र अशी मोठी मुलं, एकत्रच जाणारी भावंडं आणि आजारपण किंवा अपंगत्व असलेली मुलंच प्रामुख्यानं असतात. कारण सरळ आहे. आपल्याकडच्या बहुतेक जोडप्यांना दोन वर्षांच्या आतलं, निरोगी बाळ हवं असतं. देशात तीस हजारांहून अधिक इच्छुक पालक रांगेत आहेत, तान्ह्या बाळासाठी तीन-साडेतीन वर्षं थांबण्याची त्यांची तयारी आहे, आणि त्याच वेळी संस्थांत आठ, दहा, बारा वर्षांची मुलं आपल्याला कोणी विचारतं का, याची वाट बघत असतात.

पिंपरी-चिंचवडच्या श्रोत्यांना हा विषय परका वाटू नये. १९९५ मध्ये पिंपरीला टेल्कोच्या आवारात मर्सिडीजच्या गाड्यांची जोडणी सुरू झाली, मार्च २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना उघडला, आणि इथल्या घरांतून जर्मनीला जाणं नाशिकला जाण्याइतकं सवयीचं झालं. मोशी-रावेतचं एखादं जोडपं तिकडे नोकरीला स्थिरावतं आणि मूल दत्तक घ्यायचं ठरवतं, तेव्हा त्याला पुण्यातल्या ओळखीच्या संस्थेत जाऊन थेट अर्ज देता येत नाही. भारत आणि जर्मनी हे दोन्ही देश परदेशी दत्तकाविषयीच्या १९९३ च्या हेग कराराला बांधलेले आहेत. म्हणून अर्ज तिकडच्या मान्यताप्राप्त यंत्रणेमार्फत करायचा. तिथली समाजसेविका घरी येणार, पगार, तब्येत, नवरा-बायकोचं नातं, शेजारपाजार सगळं बघून अहवाल लिहिणार. तो अहवाल दिल्लीला ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे येणार आणि तिथून धागा पुण्याच्या संस्थेशी जुळणार. परदेशस्थ भारतीयांना रांगेत इथल्या नागरिकांइतकाच मान आहे, हे खरं. पण कागदांचा फेरा परदेशी माणसाइतकाच मोठा. चिंचवडची आजी रिक्षानं तासाभरात संस्थेच्या फाटकाशी पोचेल. पण होणाऱ्या नातीला भेटायला तिनं असं परस्पर जायचं नसतं.

एवढा फेरा कशासाठी, असं कोणीही विचारेल. त्याला इतिहास आहे. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा परदेशी जोडप्यांना लागू नव्हता. त्यांना १८९० च्या पालकत्व कायद्याखाली मुलाचं नुसतं पालकत्व मिळायचं, आणि खरं दत्तकविधान आपापल्या देशात जाऊन करायचं असायचं. मधल्या या फटीत काय काय होऊ शकतं, याची तक्रार लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून केली. न्यायमूर्ती भगवतींनी ते पत्रच याचिका म्हणून घेतलं आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये निकाल दिला. आज ज्या तपासण्यांना लोक कंटाळतात, त्यांतल्या बऱ्याचशा त्या निकालातून आलेल्या आहेत. पुण्यातल्याच एका संस्थेतून परदेशी जाणाऱ्या मुलांच्या नावावर पैसे घेतले जातात, असे आरोप झाले आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं सीबीआय चौकशी लागली. दुधानं तोंड पोळलेली यंत्रणा ताकही फुंकून पिणार, त्याबद्दल तिला फार बोल लावता येत नाही.

त्या जुन्या फटीत पडलेली एक मुलगी मुंबईची होती. १९८९ मध्ये, लहान वयात, ती अमेरिकेत दत्तक गेली. पहिलं घर मोडलं, मग एका सांभाळणाऱ्या घरातून दुसऱ्या घरात अशी ती फिरत राहिली. तिच्या नागरिकत्वाचे कागद मात्र कोणी पुरे केलेच नाहीत. अमेरिकेनं २००० साली दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा कायदा केला, पण तो अंमलात आला तेव्हा जी मुलं अठरा वर्षांची झालेली होती त्यांना त्याचा उपयोग नव्हता. पुढे अमली पदार्थांच्या एका गुन्ह्याचं निमित्त झालं आणि २००८ मध्ये तिची रवानगी भारतात झाली. नवरा आणि दोन मुलं तिकडे. इथली भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही. एका राहिलेल्या अर्जाची ही किंमत होती.

म्हणून उशिराबद्दल बोलताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. एक उशीर शोधाचा असतो आणि एक टेबलावरचा.

शोधाचा उशीर समजायला चाकणसारखी दुसरी जागा नाही. इथल्या पत्र्याच्या चाळींत लातूर-नांदेडपासून बिहार, ओडिशा, नेपाळपर्यंतची कुटुंबं राहतात. आई एका पाळीत, बाप दुसऱ्या पाळीत. ठेका संपला की बिऱ्हाड उचललं, नंबर बदलला. अशा घरातलं पाच वर्षांचं मूल चुकलं तर ते काय सांगणार? आईचं नाव ‘मम्मी’, गावाचं नाव अर्धवट आणि तेही आपल्या कानाला न कळणाऱ्या बोलीत. दोन वर्षांवरचं मूल सापडलं तर बाल कल्याण समितीनं चार महिन्यांच्या आत त्याचा निर्णय करावा, असं कायदा सांगतो. त्या काळात वर्तमानपत्रात फोटो द्यायचा, पोलिसांचा अहवाल आणायचा, आई-बाप खरंच सापडत नाहीत याची खात्री करायची आणि मगच मूल दत्तकासाठी मोकळं झालं असं जाहीर करायचं. हे महिने कोणी वाया गेले म्हणू नये.

सरू ब्रायर्लीची गोष्ट पुष्कळांनी सिनेमात पाहिली आहे. खंडव्याचा हा पाच वर्षांचा मुलगा १९८६ मध्ये बऱ्हाणपूर स्टेशनात रेल्वेच्या डब्यात झोपला आणि कलकत्त्याला पोचला. तो आपल्या वस्तीचं नाव सांगत होता, पण ‘गणेश तलाई’ हे शब्द त्याच्या तोंडून असे काही येत की ते कोणालाच कळले नाहीत. स्वतःचं ‘शेरू’ हे नावही त्यानं सरू असं सांगितलं. १९८७ मध्ये तो टास्मानियाला दत्तक गेला. प्रेमळ घर मिळालं, शिक्षण मिळालं. पण इकडे त्याची आई जिवंत होती आणि त्याला शोधत होती. उपग्रहाची छायाचित्रं धुंडाळून तो २०१२ मध्ये तिच्या दारात उभा राहिला, तेव्हा पंचवीस वर्षं गेली होती. थोडा जास्त शोध, खंडव्याकडची बोली समजणारा एखादा माणूस, एवढ्यानं कदाचित काम झालं असतं.

टेबलावरचा उशीर मात्र निराळा. कायद्यात मुदती दिवस मोजून दिलेल्या आहेत. मूल मोकळं जाहीर झाल्यावर ६० दिवसांत भारतीय पालक मिळाले नाहीत तर परदेशी कुटुंबाचा विचार करता येतो. पाच वर्षांवरची मुलं आणि भावंडं यांच्या बाबतीत तर त्याला प्राधान्य द्यावं असंच कायद्याचं म्हणणं आहे. मुलाची माहिती आल्यावर परदेशी पालकांनी ९६ तासांत त्याला राखून ठेवायचं. अंतिम आदेश दोन महिन्यांत व्हावा. तरी प्रत्यक्षात फाइल कुठे ना कुठे अडते. समितीवरच्या नेमणुका झालेल्या नसतात, वैद्यकीय अहवाल जुना झाला म्हणून परत मागवला जातो, आदेशात नावाचं एक अक्षर चुकतं आणि पासपोर्ट अडकतो. उशीर कमी व्हावा म्हणून १ सप्टेंबर २०२२ पासून आदेशाचे अधिकार न्यायालयांकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले. त्यावर चालू प्रकरणांचं काय करायचं हा नवाच प्रश्न उभा राहिला, आणि मुंबई उच्च न्यायालयाला जानेवारी २०२३ मध्ये सांगावं लागलं की आमच्यापुढची प्रकरणं आम्हीच ऐकू. सुधारणा म्हणून केलेल्या बदलाचा पहिला परिणाम संभ्रमाचा झाला, हे आपल्याकडे काही नवीन नाही.

तान्ह्या बाळाची फाइल सहा महिने थांबली तर ते बाळ थोडं मोठं होऊन घरी जातं. दहा वर्षांच्या मुलाचं तसं नसतं. दर वर्षागणिक त्याला मागणारी घरं कमी होत जातात. अमेरिकेला जायचं तर सोळावा वाढदिवस उलटण्याच्या आत अर्ज दाखल व्हावा लागतो. गंमत अशी, की यांतल्या कित्येक मुलांची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसते. दाखला नसेल तर हाडांचा एक्स-रे काढून आणि दात बघून डॉक्टर वय ठरवतात. तारीख अंदाजाची, मुदत मात्र काटेकोर.

आणि हे मूल सगळं समजण्याच्या वयात असतं. लिसा स्थळेकरचं उदाहरण आपण कौतुकानं सांगतो. १९७९ मध्ये पुण्यात जन्मलेली, ससूनच्या ‘श्रीवत्स’मधून हरेन आणि स्यू स्थळेकरांनी नेलेली, पुढे ऑस्ट्रेलियाची कर्णधार झालेली. पण घर मिळालं तेव्हा ती तीन आठवड्यांची होती. तिला निरोप घ्यावा लागला नाही. आठ वर्षांच्या मुलाला संस्थेतल्या मावशीचा निरोप घ्यावा लागतो, खोलीतल्या मित्राचा घ्यावा लागतो, आणि त्याआधी ‘तुला जायचंय का?’ या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. मुलाचं वय आणि समज बघून त्याच्या इच्छेचा विचार व्हावा, असं कायद्यातच आहे.

जुळणी झाली की तिकडून फोटोंचा अल्बम येतो. हे घर, ही तुझी खोली, हा कुत्रा, हे आजोबा. मूल तो अल्बम उशाशी घेऊन झोपतं, दिवसातून दहा वेळा दाखवतं. व्हिडिओ कॉलवर ‘चाओ’ म्हणायला शिकतं. मग फाइल अडते. दिवाळी जाते, शाळेचं नवं वर्ष सुरू होतं, आणि इतर मुलं चिडवायला लागतात की तुझे आई-बाबा येणारच नाहीत. अल्बमच्या पानांचे कोपरे दुमडतात. हळूहळू मूल तो दाखवायचं बंद करतं. संस्थेतल्या ताईला हे दिसतं, पण तिच्याकडेही तारीख नसते. ‘लवकरच हं’ यापलीकडे ती काय सांगणार? आतापर्यंत भेटलेल्या मोठ्या माणसांनी त्या मुलाला हेच सांगितलेलं असतं.

पालक आले, विमान उडालं, म्हणजे सगळं झालं असंही नाही. पहिले काही आठवडे मूल शहाण्यासारखं वागतं. मग उशीखाली पोळीचे, ब्रेडचे तुकडे सापडतात. पुढे तोडफोड, आरडाओरडा. मी कसाही वागलो तरी ही माणसं मला ठेवणार का, याची ती परीक्षा असते. ज्या पालकांना हे आधी कोणी सांगितलेलं नसतं ते हबकतात. देशातली आकडेवारी बोलकी आहे. माहितीच्या अधिकारात २०२० मध्ये उघड झालं की आधीच्या पाच वर्षांत ११०० हून अधिक दत्तक मुलं संस्थांकडे परत आली होती, आणि त्यांत मोठी मुलं बरीच होती. पालकांची रांग चालू असताना जे महिनोन्‌महिने रिकामे जातात, त्या काळात त्यांची नीट तयारी करून घेतली तर निदान काहींवर ही पाळी येणार नाही.

भाषा तर फार लवकर जाते. तीन ते आठ या वयात कोरियातून फ्रान्सला दत्तक गेलेल्या माणसांची मोठेपणी चाचणी घेतली, तेव्हा त्यांना कोरियन वाक्यं इतर परक्या भाषांतून वेगळी ओळखता आली नाहीत. हे संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. श्टुटगार्टच्या मराठी घरात आलेलं मूल या बाबतीत नशीबवान म्हणायचं. त्याला निदान ‘भूक लागली’ हे मराठीत सांगता येतं, आणि वरण-भात कसा लागतो हे आईला समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच परदेशस्थ मराठी कुटुंबांनी तान्ह्या बाळाचा हट्ट थोडा सैल करावा, असं वाटतं.

जगाचा कल आता आंतरदेशीय दत्तक बंद करण्याकडे आहे. जुन्या गैरप्रकारांची चौकशी झाल्यावर नेदरलँड्सनं २०२१ मध्ये नवे अर्ज थांबवले. डेन्मार्कमधल्या एकमेव संस्थेनं २०२४ च्या जानेवारीत काम गुंडाळत असल्याचं सांगितलं, आणि त्याच वर्षी चीननं, नात्यातली मुलं सोडून, आपली मुलं बाहेर देणं बंद केलं. भारताचं दार उघडं आहे, पण रुंदी कमी. २०२४-२५ मध्ये देशात एकूण ४५१५ दत्तकविधानं झाली, त्यांपैकी ४१५५ देशातल्या देशात. उरलेली ३६० परदेशी. ही ३६० बहुतेक करून तीच मुलं, ज्यांना इथे कोणी मागितलं नव्हतं. परदेशी दार उद्या बंद झालं तर त्यांच्यासाठी आपली दारं उघडावी लागतील. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मोठ्या मुलाला आधी प्रतिपालक म्हणून सांभाळून दोन वर्षांनी दत्तक घेता येतं, आणि एकट्या व्यक्तीलाही ही संधी आहे. निगडी-भोसरीच्या कितीतरी घरांत हे अजून पोचलेलंच नाही.

श्रोतेहो, एक विनंती. चाकणच्या चौकात, पिंपरीच्या स्टेशनवर, एखाद्या कारखान्याच्या फाटकाशी एकटं मूल दिसलं तर दयेपोटी घरी नेऊ नका आणि ‘चांगल्या घरी’ परस्पर देऊनही टाकू नका. १०९८ हा क्रमांक फिरवा. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. मूल जे काही बोलेल, अर्धवट, न कळणारं, ते जसंच्या तसं लिहून ठेवा आणि येणाऱ्या माणसाच्या हाती द्या.