चिंचोक्यांचा खेळ आणि पाण्याची पाळी

ऐकताय ना? आज आम्ही बचत गटातल्या बाया पाण्याच्या खरेदी-विक्रीवर बोलणार आहोत.

औंदा धरण निम्मंच भरलं. आमच्या चारीवरच्या एका द्राक्षबागायतदाराने निरोप धाडला, "तुमची पाळी मला द्या, रोख पैसे देतो." घरोघरी चर्चा सुरू झाली. कुणी म्हणे देऊन टाका, कुणी म्हणे पाणी काय विकायची वस्तू आहे? भांडत बसण्यापेक्षा आम्ही सतरंजी अंथरली आणि चिंचोके मांडले.

सहा घरं धरली. एक चिंचोका म्हणजे एका एकराला एक पाणी. द्राक्षाच्या एकराला सहा पाणी, हरभऱ्याच्या एकराला दोन, असा नियम ठरवला. दुष्काळी साल म्हणून प्रत्येक घराला तीनच चिंचोके. एकूण अठरा.

पहिल्या डावात कुणी कुणाला पाणी विकलं नाही. पाच घरांचा हरभरा एकेक एकर पिकला, पण बाग तीन पाण्यावर वाळली. हरभरा पुढच्या साली पुन्हा पेरता येतो, बाग उभी राहायला वर्षं लागतात.

दुसऱ्या डावात तीन घरांनी आपला उरलेला एकेक चिंचोका विकला. बागेला सहा पाणी मिळाले, हरभरा कुणाचाच गेला नाही आणि तीन घरांत पैसा आला. आम्हाला वाटलं, सौदा वाईट नाही!

तिसऱ्या डावात बागायतदाराने भाव वाढवला. त्याला दोन एकर बाग जगवायची होती. टेलच्या तीन घरांनी सगळे नऊ चिंचोके विकले. रोख रक्कम सगळ्यांत जास्त याच डावात आली. पण हरभरा पाच एकरांवरून दोन एकरांवर आला.

तेवढ्यात मागे बसलेली, रोजाने जाणारी एक मावशी म्हणाली, "माझा चिंचोका कुठाय?" आम्ही गप्प झालो. तिला जमीन नाही, म्हणून पाणी नाही. तीन एकर पडीक राहिले की तिची खुरपणी गेली, सोंगणी गेली. बागेची छाटणी तर बाहेरची टोळी करते. शिवाय चारीचं पाणी टेलला गेलंच नाही, तर तिथल्या विहिरीला पाझर कुठून येणार? प्यायचं पाणी तिथूनच येतं. आणि सातबारा घरधन्याच्या नावावर, म्हणजे पैसा त्याच्या हातात. हंडा मात्र आपल्या डोक्यावर.

हे काही नवीन नाही, मैत्रिणींनो. ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग नदीच्या खोऱ्यात शेतकरी कित्येक वर्षं पाणी विकतात. मोठ्या दुष्काळात भातवाल्यांनी पाणी विकलं आणि फळबागा वाचल्या. पण ज्या भागातून पाणी जातं, तिथे कालव्याच्या देखभालीचा खर्च उरलेल्यांवर पडतो. आपल्याकडेही 2005 साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. पाण्याची हक्कदारी एखाद्या हंगामापुरती दुसऱ्याला देण्याची वाट त्यात आहे.

आणि पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तिची रीत बघा. तिथे पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर वाटलं. भूमिहीनालाही वाटा दिला. उसाला मात्र बंदी. आमच्या मावशीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आधीच दिलेलं होतं.

खेळ तो खेळच. सतरंजीवर प्रत्येक चिंचोका पोहोचतो, चारीत टेलपर्यंत जाता जाता पाणी मुरतं. तरी डोळे उघडले. म्हणून पाणी वापर संस्थेच्या बैठकीत आम्ही पाच गोष्टी मांडल्या. विक्री एका हंगामापुरतीच. पीक भागून उरलेलंच पाणी विकायचं. विहिरीला पाझर देणारं टेलचं पाणी कुणी विकायचं नाही. सौदा वहीत लिहायचा आणि त्यावर नवरा-बायको दोघांची सही हवी. आणि मिळालेल्या पैशातला थोडा भाग चारीच्या दुरुस्तीला, त्या कामाचा पहिला रोजगार भूमिहीन बायांना.

तीन गोष्टी मान्य झाल्या. दोन सह्यांवर आणि मजुरीवर अजून वाद चालू आहे. आम्हीही पुढच्या बैठकीला जाणार आहोत.

तुमच्या गटातही चिंचोके मांडून बघा. मांडताना एक ध्यानात ठेवा, जिच्याकडे जमीन नाही तिलाही सतरंजीवर बसवा. तिने विचारल्याशिवाय आम्हालाही हिशेब पुरा दिसला नव्हता.

राम राम.