ज्युबिली आणि न्याय
(ज्युबिली महोत्सवात केलेले भाषण)



ज्युबिली म्हटले की आपल्यापुढे पताका व मेजवानी उभी राहते. परंतु लेवीय ग्रंथात पन्नासाव्या वर्षाची जी आज्ञा आहे तिचे मर्म निराळे आहे. हातची गेलेली जमीन मूळ कुळाकडे परतावी व दास मोकळा व्हावा, असे ती सांगते. म्हणून या मंगल प्रसंगी आपल्या लातूर-नांदेडच्या पाण्याविषयी व भूमीविषयी चार शब्द बोलणे आम्हांस उचित वाटते.

सन 2016 च्या 12 एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास आली. तीत 10 टाक्या व सुमारे 5 लक्ष लिटर पाणी होते. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागी दंगा होऊ नये म्हणून तेथे जमावबंदी पुकारावी लागली होती. गाडी धाडणाऱ्यांचे उपकार कोण विसरेल? तथापि गाडीने तहान भागते, तहानेचे कारण जात नाही. पाऊस कमी पडला हे खरे. परंतु ऊस वर्षभर उभा राहून पाणी मागतो, आणि ज्वारी-हरभरा बहुधा जमिनीच्या ओलीवर निभावून नेतात. ज्याची विंधनविहीर खोल त्याचे शेत हिरवे, व ज्यास शेतच नाही त्याची घागर रिकामी. हा सगळा दोष आभाळावर टाकून आपणांस मोकळे होता येणार नाही.

यावर उपाय कोणी केला? पुष्कळ ठिकाणी तो गरिबांनीच संघटित होऊन केला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने हजारो जीव घेतले. पुढे घरांच्या दुरुस्तीच्या कामात शेकडो गावांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून सरकार व गावकरी यांच्यामधील दुवा झाल्या. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने त्यांस एकत्र आणिले. याच संस्थेच्या सख्यांनी पुढे घरच्या शेतातील एक एकर आपल्याकडे मागून घेतला व त्यात थोड्या पाण्यावर, सेंद्रिय खतावर भाजीपाला, डाळी व धान्य पिकविले. नगदी पीक बुडाले तरी चूल विझू नये, हा त्यातील हेतू. या संस्थेस 2016 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. प्रेमाताई 2022 साली निवर्तल्या. काम चालू राहिले.

भूमीचेही तसेच. गायरान कसून पोट भरणाऱ्या भूमिहीनांची 14 एप्रिल 1990 पर्यंतची वहिवाट अटींसह कायम करण्याचा निर्णय शासनाने नोव्हेंबर 1991 मध्ये केला. परंतु निर्णय निघाला म्हणून सातबाऱ्यावर नाव चढत नाही. त्यासाठी बीडचे एकनाथ आवाड व त्यांचे मानवी हक्क अभियान मराठवाड्यात वर्षानुवर्षे झगडले. किनवट-माहूरच्या वनवासी बांधवांसही 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेमार्फत आपला दावा मांडण्याचा अधिकार आहे. पण सभेस कोणी बसलेच नाही तर अधिकार कागदावरच राहील.

कोणी म्हणेल, हे राजकारण आहे. देवमंदिराने त्यात कशास पडावे? परमपूज्य पोप लिओ तेरावे यांनी 1891 सालीच मजुरांचा संघ स्थापण्याचा हक्क मान्य केला होता. पोप फ्रान्सिस यांनी 2014 साली लोकसंघटनांच्या प्रतिनिधींस व्हॅटिकनमध्ये बोलावून भूमी, निवारा व काम हे त्यांचे पवित्र हक्क मानिले, आणि 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीचे दुःख व गरिबाचे दुःख एकच असल्याचे शिकविले. भुकेल्यास भाकर देणे हे दान होय. त्याची भाकर कोठे अडली हे पाहणे हा न्याय होय. दान करणाऱ्याची स्तुती होते, न्याय मागणाऱ्याशी वैर धरले जाते. म्हणूनच आपण पहिल्यावर थांबतो.

तेव्हा या ज्युबिलीची खूण म्हणून तीन गोष्टींचा संकल्प करू या. देवमंदिराच्या छपरावरचे पाणी जमिनीत मुरवावे. आपल्या स्त्रियांनी, शेजारीण हिंदू, बौद्ध की मुसलमान हे न पाहता, तिच्यासह गट बांधावा. आणि ग्रामसभेच्या दिवशी प्रत्येक घरातून एक तरी माणूस सभेस हजर असावा.

पताका उद्या उतरतील. आज केलेला संकल्प मात्र पुढच्या उन्हाळ्यात विहिरीच्या काठावर पारखला जाईल. त्या वेळी आपण उणे ठरू नये, एवढीच प्रभूचरणी प्रार्थना.