मुरमुऱ्यांचं गाळलेलं दूध: घरच्या घरी सीरियल मिल्कशेक

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

भंडाऱ्याहून तुमच्याशी बोलतेय. आजचा विषय खाण्याचा, म्हणजे खरं तर पिण्याचा आहे.

साकोलीकडच्या एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला होता. त्यांचंच बोलणं सांगते. "ताई, माझा पोरगा आठ वर्षांचा. पाकिटातलं चॉकलेटवालं सीरियल दुधात टाकून देतो आम्ही. तो ते गोल गोल दाणे तसेच ठेवते आणि खालचं दूध तेवढं पिऊन घेते. पाकीट चार दिवसांत संपते. घरी धानाची पोती लागली आहेत, आणि आम्ही दुकानातून हे आणतो. काही उपाय सांगा ना."

मेसेज ऐकून पहिलं मनात आलं ते हे, की पोरगं चुकत नाहीये. त्याला दाणे नकोच आहेत. त्याला पाहिजे ते दाण्यांचा वास उतरलेलं दूध. आणि हीच गोष्ट न्यूयॉर्कमध्ये बाटलीत भरून विकली जाते. क्रिस्टिना तोसी नावाच्या शेफनं 2008 साली तिथं मिल्क बार हे दुकान सुरू केलं. तिचा गाजलेला पदार्थ म्हणजे 'सीरियल मिल्क'. कॉर्नफ्लेक्स भाजायचे, गार दुधात वीसेक मिनिटं भिजवायचे, गाळायचं, थोडी ब्राऊन शुगर आणि चिमूटभर मीठ घालायचं. संपलं. त्याच दुधाचं मग आइस्क्रीम, त्याचाच मिल्कशेक.

आता आपल्याकडे बघा. दुधात नाहीतर दह्यात धान्य घालणं आपल्याला काही नवीन नाही. दूध-पोहे आपण खातो. गोपाळकाल्यात ज्वारीच्या लाह्या असतात, पोहे असतात. पण आपण धान्य खातो आणि दूध त्याला भिजवायला असतं. सीरियल मिल्कमध्ये हे उलटं होतं. धान्यानं आपला वास द्यायचा आणि बाजूला व्हायचं. एवढा एक फरक लक्षात आला की पुढचं सगळं सोपं आहे.

केलॉग्ज कंपनी 1994 मध्ये भारतात आली, आपल्याच महाराष्ट्रात तळोजाला कारखाना टाकला. तेव्हाची एक गोष्ट मार्केटिंग शिकवणारे अजून सांगतात. ते कॉर्नफ्लेक्स गार दुधासाठी बनवलेले, आणि आपल्या घरांत सकाळी दूध गरम. लोकांनी गरम दूध ओतलं, फ्लेक्स क्षणात मऊ पडले, आणि कुरकुरीत नाश्त्याची सगळी जाहिरात पाण्यात, म्हणजे दुधात गेली. गंमत अशी की शेकसाठी आपल्याला कुरकुरीतपणा नकोच आहे. पण दूध मात्र गारच पाहिजे. गरम दुधात फुललेलं धान्य लगेच विरघळायला लागतं, त्यातला स्टार्च दुधात उतरतो, आणि शेकच्या जागी लापशी तयार होते.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. पाकिटाऐवजी काय वापरायचं? मुरमुरे. आपला जिल्हा धानाचा. तुमसर म्हणा, मोहाडी म्हणा, लाखांदूर म्हणा, कुठंही जा, किराणा दुकानात मुरमुऱ्याचं पोतं उघडं दिसेल. मुरमुरा म्हणजे काय? उकडा तांदूळ, मीठ लावलेला, तापलेल्या वाळूत फुलवलेला. पाकिटात 'पफ्ड राइस' म्हणून जे असतं, तेही फुगवलेला तांदूळच. कृती वेगळी, वरून साखर आणि चॉकलेट, एवढंच.

चला, कृती सांगते. दोन ग्लासांचं माप आहे.

अर्धा लिटर दूध, तापवून पूर्ण गार केलेलं. फुल क्रीम असेल तर उत्तम, कारण भाजलेल्या धान्याचा वास दुधातली स्निग्धता चांगली धरून ठेवते. पाणीदार दुधात तो वास तितका उतरत नाही. मुरमुरे तीन वाट्या, वजनात साधारण 45 ग्रॅम. साखर किंवा गुळाची पावडर चार छोटे चमचे. मीठ चिमूटभर. पण आधी एक मुरमुरा तोंडात टाकून बघा. खारा लागला तर वरून मीठ घालूच नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, भाजणं. जाड बुडाची कढई, मंद आच, तेल-तूप काही नाही. पाच-सहा मिनिटं हलवत राहा. मुरमुरे नुसते कडक झाले म्हणजे झालं असं समजू नका. फिका बदामी रंग यायला पाहिजे आणि घरात वास सुटला पाहिजे. तो वास म्हणजेच तुमचा फ्लेवर. न भाजलेले मुरमुरे दुधात टाकले तर ओल्या कागदासारखी चव येते. आणि तपकिरी झाले तर कडू. भाजले की ताटात पसरा आणि पूर्ण गार होऊ द्या.

तुमच्या लक्षात आलं असेल, भाजलेल्या मुरमुऱ्याचा वास थोडा पॉपकॉर्नकडे जातो. यामागं कारण आहे. बासमतीसारख्या सुवासिक तांदळाला जो वास असतो, त्यामागं मुख्यतः एक रेणू असतो, 2-असिटाइल-1-पायरोलीन. नाव जड आहे, सोडून द्या. पण हाच रेणू पॉपकॉर्नमध्ये आणि भाजलेल्या पावाच्या कडेतही सापडतो. म्हणून तांदूळ आणि मका नाकाला भाऊभाऊ वाटतात.

गार मुरमुरे एका पातेल्यात घ्या, वरून गार दूध ओता, एकदा हलवा, झाकण ठेवा आणि फ्रिजमध्ये ठेवा. वीस मिनिटं. घड्याळ लावा. रात्रभर ठेवलं तर जास्त चव येईल असं वाटतं, पण येतो तो चिकटपणा.

मग गाळणीतून गाळा. चमच्यानं हलकंसं दाबा, पण कापडात घालून पिळू नका. पिळलं की पीठ खाली येतं. अर्धा लिटरचं साधारण साडेतीनशे मिली दूध हातात येईल. बाकीचं मुरमुऱ्यांनी पिऊन टाकलेलं असतं, त्याला इलाज नाही. तो चोथा मात्र फेकू नका. त्याच दिवशी धिरड्याच्या नाहीतर थालीपीठाच्या पिठात घाला. धिरडी मऊ होतात आणि मुरमुऱ्यांनी प्यालेलं दूधही पोटात जातं.

गाळलेल्या दुधात साखर किंवा गूळ विरघळवा. गूळ वापरणाऱ्यांना एक सांगते, गूळ या गार दुधातच घाला. उकळत्या दुधात गूळ घातला तर दूध फाटू शकतं.

आता शेक. बाजारातल्या शेकला घट्टपणा येतो तो आइस्क्रीममुळं. घरी आइस्क्रीम असेल तर व्हॅनिलाचा एक गोळा घाला, पण मग साखर निम्मी करा. आइस्क्रीम नसेल तरी अडत नाही. गाळलेल्या दुधातलं निम्मं बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा. मग ते दुधाचे खडे आणि उरलेलं गार दूध मिक्सरमध्ये फिरवा. साधा बर्फ घातला तर शेक पाणचट होतो. दुधाचाच बर्फ केला तर शेवटच्या घोटापर्यंत चव तीच. आणि नेमकी लाईट गेली? मग खडे अर्धवट विरघळू द्या आणि रवीनं घुसळा. थोडा कमी घट्ट होईल, पण फेस छान येतो.

ताईंच्या पोराला चॉकलेट पाहिजे. एक छोटा चमचा कोको पावडर दोन चमचे कोमट दुधात कालवून घ्या, गुठळ्या मोडा, आणि मग शेकमध्ये घाला. ग्लासात ओतल्यावर वर मूठभर भाजलेले मुरमुरे, अगदी द्यायच्या वेळी.

आता दुसऱ्या धान्यांचं. पातळ पोहे चालतात. एक वाटी घ्या, कुरकुरीत भाजा, पण दुधात दहाच मिनिटं ठेवा, कारण ते लवकर विरघळतात. ज्वारीच्या लाह्या चालतात, चव जरा मातकट आणि छान लागते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या साळीच्या लाह्या उरतात, त्या तर यासाठीच उरतात म्हणा ना! फक्त तुसं नीट निवडून घ्या. गोडीसाठी त्यातलेच बत्तासे. चिवड्याचे मक्याचे पोहे मात्र घेऊ नका. ते तळल्याशिवाय फुलत नाहीत, आणि तळलेले घातले तर दुधावर तेल तरंगतं.

आणि एक खास आपल्या जिल्ह्याचं. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन आहे, हे तुम्हाला माहीत असेल. घरी चिन्नोर असेल तर दोन मोठे चमचे तांदूळ कोरडे, गुलाबी होईपर्यंत भाजा. इथं पद्धत थोडी बदलते. हा कच्चा तांदूळ आहे, फुललेला नाही, म्हणून गार दुधाला तो काही देणार नाही. अर्धा लिटर दूध उकळा, गॅस बंद करा, भाजलेला तांदूळ टाका, वीस मिनिटं झाकून ठेवा. मग गाळा आणि गार करा. राहिलेल्या तांदळाची खीर करा. कोजागिरीला मसाला दुधाच्या शेजारी हे एकदा ठेवून बघा, वेलची-केशर काही न घालता.

आता थोडं हिशेबाचं बोलू, कारण ताईंचा खरा प्रश्न तोच होता. 2025-26 साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये होता. म्हणजे किलोला 24 रुपयांच्या आत. धानाचा तांदूळ होताना वजन घटतं, मग भट्टीची मजुरी, वाहतूक, दुकानदार, हे सगळं धरलंच पाहिजे. तरीही मुरमुऱ्याचा किलोचा भाव आणि सीरियलच्या पाकिटाचा किलोचा भाव शेजारी शेजारी लिहून बघा. पाकिटावर वजन छापलेलं असतं, भागाकार घरीच करा. पोराकडूनच करून घ्या, गणिताचा अभ्यासही होईल.

साखरेचंही तसंच. पाकिटामागं घटकांची यादी असते, ती वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. साखर दुसऱ्या नंबरवर असेल तर समजून घ्या. शंभर ग्रॅममागं किती साखर, तेही छापलेलं असतं. अमेरिकन हार्ट असोसिएशन सांगते की दोन ते अठरा वर्षांच्या मुलांनी वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवावी, म्हणजे साधारण सहा छोटे चमचे. दोन वर्षांखालच्या बाळांना तर ती नकोच. आपल्या एका ग्लासात दोन चमचे आहेत. म्हणजे दिवसाच्या मर्यादेतला तिसरा हिस्सा या एका ग्लासात गेला. शेक घरचा आहे म्हणून तीन ग्लास, असं करू नका.

दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. काही पाकिटांत लोह आणि जीवनसत्त्वं वरून घातलेली असतात, मुरमुऱ्यात ती नसतात. आणि आपण धान्य गाळून टाकतोय, म्हणजे धान्याचं पोषण बरंचसं चोथ्यात राहतं. तेव्हा हा शेक म्हणजे नाश्ता नव्हे. दुधाचा खाऊ आहे, आठवड्यातून एक-दोनदा. सकाळी पोट भरायला सातूचं पीठ दुधात कालवून द्या, नाहीतर नाचणीचं सत्त्व. तिथं धान्य पोटात जातं.

आणि उन्हाळ्यात जपा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास असतो. भिजवायला ठेवलेलं दूध ओट्यावर विसरू नका. गाळलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत संपवून टाका.

तर ताई, पोराला एकदा न सांगता देऊ नका. त्याच्या हातात उलथणं द्या आणि मुरमुरे त्यालाच भाजू द्या, तुम्ही शेजारी उभ्या राहा. वास कधी सुटला ते त्याला सांगू द्या. पाकीट लगेच बंद होईल असं मी म्हणत नाही. पण घरात जे पिकतं त्यालाही तसाच वास असतो, हे त्याच्या नाकाला कळेल. पुढची मागणी तो स्वतः करेल.

करून बघा आणि कळवा, तुमच्याकडे कोणतं धान्य जमलं ते. लाखनी-पवनीकडे कुणी दुसऱ्या सुवासिक वाणाचा तांदूळ भाजून बघितला तर त्याचा मेसेज मला नक्की पाठवा. पुढच्या भागात वाचून दाखवीन. येते मंडळी, नमस्कार.